दुर्गम उद्यानातल्या शंभर वर्षं जुन्या लाकडी इमारती आगीपासून कशा वाचवाव्यात? बंब यायला दोन तास लागतात.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्यच कळीचं आहे. शतकभर वाळलेलं लाकूड दोन तास थांबत नाही. मदत येणारच नाही असं धरून आखणी करा. नुसता अलार्म लावून निर्धास्त झालेले व्यवस्थापक मी बरेच पाहिले आहेत. जवळपास आग विझवणारं कुणी नसेल, तर त्या अलार्मचा उपयोग काय?

म्हणून माझ्या मते आत स्प्रिंकलर हवेतच. जतन करणाऱ्यांचा यावर ठरलेला आक्षेप असतो: जरा धूर झाला की सगळे फवारे सुरू होतील आणि सगळा ऐवज भिजेल. तसं सिनेमात होतं. नेहमीच्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी काचेची कुपी असते. आतला द्रव तापून फुगतो आणि लाल रंगाची कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते. प्रत्येक स्प्रिंकलरची कुपी स्वतंत्र, त्यामुळे ज्याच्यापाशी आग तापते तोच उघडतो. धुराशी त्याचा संबंधच नाही. आणि भिजलेलं लाकूड वाळवता तरी येतं.

खरी डोकेदुखी थंडीची. हिवाळ्यात इमारत बंद राहत असेल तर नळ्यांमधलं पाणी गोठतं. अशा ठिकाणी ड्राय पाइप पद्धत घ्या. तिच्यात नळ्यांत दाबलेली हवा असते आणि पाणी उबदार खोलीतल्या झडपेमागे अडवलेलं असतं. कुपी फुटली की हवा निघून जाते, झडप उघडते, पाणी धावतं. पण नळ्यांना उतार नीट दिला नाही तर चाचणीनंतर खोलगट भागात पाणी साचतं आणि पहिल्याच कडाक्यात नळी तडकते. निचऱ्याच्या तोट्या कुठे आहेत हे कंत्राटदार गेल्यावर कुणालाच आठवत नाही. बिल चुकतं करण्याआधी त्या नकाशावर दाखवून घ्या.

पाण्यासाठी विजेवर विसंबू नका, वणव्यात ती जाऊ शकते. डिझेल पंप ठेवा, आणि चढ असेल तर टाकी वर बांधा. दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब फुकट मिळतो. जपानमधल्या शिराकावा-गो गावात गवती छपरांची जुनी घरं आहेत. तिथल्या जलतोफांना उंचावरच्या टाकीतलं पाणी असंच मिळतं.

वणव्याचं म्हणाल तर ज्वाळांपेक्षा उडत्या ठिणग्या घात करतात. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं स्पेरी शॅले हे जुनं डोंगरी अतिथिगृह 31 ऑगस्ट 2017 रोजी जळालं, तेव्हा जवान, पंप, पाण्याचे पाइप सगळं तिथे हजर होतं. बहुधा ठिणगी वळचणीतून आत गेली. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. उलट यलोस्टोनमधलं ओल्ड फेथफुल इन हे प्रचंड लाकडी हॉटेल 1988 च्या वणव्यातून वाचलं. त्याच्या छपरावर पाणी सोडणारी यंत्रणा आधीच बसवलेली होती. अर्थात जवानांची मेहनत आणि वाऱ्याची कृपाही होतीच.

तेव्हा वळचणीतली आणि पोटमाळ्याची भोकं सुमारे 3 मिलिमीटरच्या धातूच्या जाळीनं बंद करा. भिंतीलगतच्या दीड मीटरमध्ये जळण्यासारखं काहीही नको, सरपणाची रास तर नकोच.

आणखी एक, दुरुस्तीचं काम चालू असताना धोका वाढतो. वेल्डिंग किंवा ब्लोटॉर्चचं काम संपल्यावर निदान तासभर तरी माणूस तिथेच थांबवा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. झाकणाच्या धातूच्या डब्यात पाणी घालून ठेवा.

स्प्रिंकलरच्या मंजुऱ्या आणि निविदांत वर्ष सहज जाईल. छपरावरच्या पन्हळी आणि कोपऱ्यांत साचलेला पालापाचोळा काढायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही, ते काम याच आठवड्यात उरकून टाका.