'पेर्ते व्हा' म्हणजे नक्की काय?

गोरेगावच्या एका वाचकाने विचारलंय: "आरेच्या झाडीत मे महिन्यात एक पक्षी रात्रीसुद्धा ओरडत असतो. आजी म्हणते, पावशा 'पेर्ते व्हा' सांगतोय, आता पाऊस येणार. पण 'पेरा' न म्हणता 'पेर्ते व्हा' का? आणि पावशा म्हणजेच चातक ना?"

आधी दुसरा प्रश्न. नाही, हे दोन वेगळे पक्षी. पावशा राखाडी, शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसणारा. चातक काळा-पांढरा, तुरेवाला. त्यांतले बरेच मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतात. दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघेही सातभाईच्या घरट्यात अंडी घालणारे, त्यामुळे घोळ होतो. पावसाच्या थेंबांवर जगणारा चातक संस्कृत कवींचा, पावशा शेतकऱ्यांचा. नावातच पाऊस आहे: म्हैस-म्हशी, हौस-हौशी यांत होतो तसाच इथे 'स'चा 'श' झालाय.

आता 'पेर्ते व्हा'. 'बोलते व्हा', 'लिहिते व्हा', अगदी 'चालते व्हा'सुद्धा याच घडणीचं. 'लिहा' म्हटलं की एक काम सांगितलं. 'लिहिते व्हा' म्हणजे लिहायला लागा, लिहिणाऱ्यांतले व्हा. तसं 'पेर्ते व्हा' म्हणजे 'आत्ता बी टाका' नव्हे. पेरणीच्या मागे लागा, नांगरट उरका, बियाणं बाहेर काढा. शिवाय उच्चारात पेर्-ते-व्हा असे तीनच तुकडे पडतात आणि पावशाच्या तीन सुरांवर ते नेमके बसतात. ती हाक दर खेपेला थोडी वर चढते, टिपेला जाऊन एकदम तुटते आणि पुन्हा खालून सुरू होते. एकदा 'पेर्ते व्हा' ऐकलं की कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही!

मग त्याला पाऊस कळतो का? उन्हाळा हा त्याच्या विणीचा हंगाम, म्हणून तो ओरडतो. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने 11 जूनला पोचतो. त्याच्या कितीतरी आठवडे आधी ही हाक सुरू झालेली असते. तेव्हा 'उद्या पाऊस' असा अंदाज तीत शोधू नये. पण कोकणात धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या जमिनीत, भात पेरणाऱ्याला पावसाच्या आधीच पेरतं व्हावं लागतं, आणि त्याला हंगामाची आठवण करून द्यायला ही हाक पुरेशी आहे. आजीचं म्हणणं मला याच अर्थाने पटतं.

राहिलं लेखन. एरवी 'पेरते व्हा' लिहावं. पक्ष्याच्या तोंडी घालताना मी 'पेर्ते'च लिहीन.