दोर सैल कधी सोडायचा

पोरी,

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली तुमची दोन वर्षांची घोडी म्होरकी, म्हणजे डोक्यात अडकवायची दोरी, दिसताच मान वर करते, म्हणून गावातले जाणते तुला कान पिळायला आणि तिला उपाशी ठेवायला सांगतायत. वाचून चीड आली. कान पिळला की घोडं गप्प उभं राहतं, पण पुढच्या वेळी कानाजवळ हात येऊ देत नाही. आणि म्होरकी तर कानांवरूनच घालायची! उपाशी ठेवणं त्याहून वाईट. घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र स्रवतं, पोट रिकामं राहिलं की अल्सर होतात. आधी वैरण, मग धडा.

घोडं शिकतं ते दोर सैल पडतो त्या क्षणी. ताण फक्त विचारतो.

तोंडासमोरून जाऊ नकोस, कपाळाच्या अगदी पुढचं तिला दिसत नाही. डाव्या खांद्याच्या रोखाने तिरपी जा. कान तुझ्यावर खिळले की थांब, ती सरकण्याआधी. मान जरा खाली आली की तूच मागे फिर. हेही सैल सोडणंच, दोर हातात नसला तरी. जवळ पोचलीस की थोपटू नकोस. आयाळ संपते तिथे खाजव, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात.

म्होरकी नाकाशी नेल्यावर तिने झटका दिला तर हात काढू नकोस. काढलास तर झटका दिला की सुटका होते, एवढंच ती शिकेल. हात मानेबरोबर जाऊ दे. डोकं क्षणभर स्थिरावलं की काढ. तेव्हाच! उशीर झाला तर सुटका कशाबद्दल मिळाली, हे तिला कळत नाही.

चालवताना समोरून ओढलंस तर पाय रोवेल. बाजूला वळव, तोल सरकला की पाय आपोआप उचलतो. अंग नुसतं झुकलं तरी दोर सैल. बारा फुटी सुती दोर घे, हाताला कधीही गुंडाळू नकोस. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पुरे. गूळ हातावर नको, चावायची सवय लागते, घमेल्यात टाक.

यात महिने जातात म्हणतात. जातात. घोडी लाडावते असंही मला ऐकवतात. ऐकवोत. मार खाऊन गप्प झालेलं घोडं वरातीत फटाका वाजला की कोणालाच आवरत नाही, तेव्हा हे बोलणारे कुठे असतात?

खोगिराचं नाव चौथ्या वर्षापर्यंत काढू नकोस. आणि आठवडाभरात डोक्याला हात लावू दिलाच नाही, तर डॉक्टरांकडून कान नि दात तपासून घे. कानात गोचीड असू शकते, अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे दात पडून हिरड्या दुखतात. तसं निघालं तर बरं होईपर्यंत म्होरकी बंद, खाजवणं चालू.