कितव्या मिनिटाला उठलात?

या महिन्याच्या पत्रांमध्ये झोप उडवणारे, भांडणं लावणारे आणि कुणी न पाहिलेले सिनेमे आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी 22 वर्षं एका फिल्म सोसायटीत दाराशी बसायचे. तिकीट बघायचं, उशिरा येणाऱ्यांना टॉर्च दाखवायचा, आणि कुणी मध्येच उठून बाहेर पडलं की वहीत वेळ टिपायची. ही टिपायची खोड माझीच, सोसायटीने काही सांगितलं नव्हतं. बाहेर येणाऱ्याला मी ‘आवडला नाही का?’ असं कधी विचारलं नाही. त्यावर लोक भाषण देतात. ‘कुठे आल्यावर उठलात?’ एवढंच विचारायचे. त्याचं उत्तर मात्र प्रत्येक जण खरं द्यायचा.

पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. चालत नसेल तर पान उलटा.

प्रश्न : नातीच्या आग्रहाने जोनाथन ग्लेझरचा ‘अंडर द स्किन’ पाहिला. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या बाळाने मला आठवडाभर झोपू दिलं नाही. गंमत म्हणजे त्याच सिनेमात एकामागून एक पुरुष काळ्या द्रवात बुडून संपतात, ते मी अगदी थंडपणे पाहिलं. माणसं मेली तरी काही वाटलं नाही आणि एका रडण्याने कोलमडले. माझंच काही बिनसलंय का?
— झोप उडालेली आजी

उत्तर : आजी, काही बिनसलेलं नाही. ज्यांनी हा सिनेमा (2013चा आहे) पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : माणसाचं रूप घेतलेली एक परकी बाई स्कॉटलंडमध्ये व्हॅन चालवत एकटेदुकटे पुरुष शोधत फिरते. किनाऱ्यावर एक कुत्रा लाटांत अडकतो. त्याला वाचवायला बायको जाते, बायकोला वाचवायला नवरा. पोहणारा एक तरुण नवऱ्याला ओढून आणतो, तर तो पुन्हा पाण्यात धावतो. दमून पडलेल्या तरुणाच्या डोक्यात ती बाई दगड घालते आणि त्याला फरफटत नेते. दगडगोट्यांवर एक तान्हं पोर रडत उरतं. ती त्याच्याकडे वळूनही बघत नाही.

आता तुमचे ते काळ्या द्रवातले पुरुष आठवा. तिथे संगीताला ठेका आहे, जमीन आरशासारखी चकचकीत आहे, माणसं संथ पावलांनी आत उतरतात. ते एखाद्या नाचासारखं बसवलेलं आहे, आणि बसवलेलं आहे हे आपल्या डोळ्यांना लगेच कळतं. म्हणून तुम्ही थंड राहिलात. किनाऱ्यावर तसला काही आधार नाही. लाटांचा आवाज, वारा आणि रडणं. कॅमेरा लांब उभा, मदतीला जावं अशी त्याचीही इच्छा दिसत नाही. पडद्यावर त्या बाळाची काळजी करणारं कुणीही उरलेलं नसतं, म्हणून ते काम तुमच्या अंगावर येतं, आणि तुम्हाला तर खुर्चीवरून उठून काही करता येत नाही. पुढे रात्री त्या बाईचा मोटरसायकलवाला साथीदार येऊन त्या तरुणाचं सामान गोळा करतो, तेव्हाही पोर तिथेच असतं. तो सामान घेतो आणि जातो. मला विचाराल तर दगडापेक्षा हे सामान गोळा करणं भयंकर आहे.

माझी स्वतःची अशी जागा दुसऱ्या सिनेमात आहे. जॉर्ज स्लाउझर या डच दिग्दर्शकाचा ‘स्पोरलोस’, 1988चा. रेक्सची प्रेयसी पेट्रोल पंपावरून नाहीशी होते. तीन वर्षांनी पळवणारा स्वतःहून समोर येतो आणि म्हणतो, तिचं काय झालं ते कळायला हवं असेल तर तिच्यावर जे गुदरलं तेच तुझ्यावर गुदरू दे. रेक्स औषध घातलेली कॉफी पितो. शुद्धीवर येतो तेव्हा अंधार असतो. लायटर पेटवतो आणि कळतं की आपण जिवंत पुरले गेलो आहोत. मला शवपेटीने त्रास दिला नाही. त्रास दिला त्या कॉफीने. मीही प्यायले असते, हे मला तेव्हाच कळलं होतं. याच दिग्दर्शकाने 1993 साली हॉलिवूडसाठी हीच गोष्ट पुन्हा केली आणि शेवटी नायकाला वाचवलं. तो पाहून मी घरी येऊन छान झोपले, आणि आज त्यातलं एक दृश्य धड आठवत नाही.

नातीला मात्र विचारा, तिला कुठे लागलं. तिचं उत्तर बाळ नसेल अशी माझी पैज आहे.

प्रश्न : मिखाएल हानेकेच्या ‘फनी गेम्स’वरून माझं आणि माझ्या जुन्या मित्राचं महिनाभर बोलणं बंद आहे. तो म्हणतो, हिंसेवरचा इतका प्रामाणिक सिनेमा दुसरा नाही. मी म्हणतो, दिग्दर्शकाने पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाच्या थोबाडीत मारली आहे. तुम्ही निकाल द्या.
— थोबाडीत खाल्लेला

उत्तर : निकाल देते, पण तो तुम्हाला पुरता आवडणार नाही.

मी तुमच्या बाजूची आहे. पांढरे हातमोजे घातलेले दोन सभ्य तरुण अंडी मागायला घरात शिरतात आणि एका कुटुंबाचा छळ मांडतात. मध्येच त्यांतला एक कॅमेऱ्याकडे वळून आपल्याला डोळा मारतो. पुढे आई बंदूक हिसकावून एकाला उडवते. आपण सुटकेचा श्वास टाकतो ना टाकतो तोच दुसरा रिमोट शोधतो, सिनेमाच मागे गुंडाळतो आणि या वेळी तिला बंदूक घेऊ देत नाही. हानेकेचा मुद्दा आपण तिथेच ओळखतो : तू खून झाल्यावर खूश झालास, बघ. अहो, पण त्या कुटुंबाच्या जागी मला बसवणारे तुम्हीच ना? सापळा लावायचा आणि उंदीर अडकला म्हणून उंदरालाच प्रवचन द्यायचं, हे मला जमत नाही. 1997चा सिनेमा त्यांनी 2007 साली इंग्रजीत जवळपास शॉट टू शॉट पुन्हा काढला. एवढा हट्ट मी फक्त गणिताच्या मास्तरांमध्ये पाहिला होता.

आता न आवडणारा भाग. मुलगा मारला जातो तेव्हा कॅमेरा त्या खोलीत नसतो, आपल्याला फक्त आवाज येतो. त्यानंतर एक दीर्घ शॉट आहे, सुमारे दहा मिनिटांचा. रक्ताळलेला टीव्ही चालू आहे, त्यावर मोटारींची शर्यत. आई हातपाय बांधलेली. ती कशीबशी उठते, उड्या मारत जाते आणि आधी टीव्ही बंद करते. माझ्या वहीत या सिनेमाच्या पानावर सगळ्यात जास्त वेळा याच शॉटच्या आसपास दार उघडलंय. डोळा मारताना कुणी उठलं नव्हतं, रिमोटलाही नाही. प्रवचन लोकांनी बसून ऐकलं आणि दुःख समोर आलं तेव्हा बाहेर पडले. म्हणजे तुमच्या मित्राच्या म्हणण्यात दहा मिनिटांपुरतं तथ्य आहे.

त्याला फोन करा आणि सिनेमा कसा आहे हे विचारू नका. टीव्ही बंद झाला तेव्हा तुला काय झालं, एवढं विचारा.

प्रश्न : शांताल आकेरमानचा ‘जान दिलमान’ मी दोन बैठकांत संपवला आणि मित्रांसमोर ‘अफाट’ म्हणालो. खरं म्हणजे मला मरणाचा कंटाळा आला. जगातला सर्वोत्तम सिनेमा कंटाळवाणा वाटणं हा माझा दोष का?
— चोवीस वर्षांचा खोटारडा

उत्तर : ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाने 2022 साली समीक्षकांचा कौल घेतला त्यात तो पहिला आला, आणि स्त्री दिग्दर्शकाचा सिनेमा तिथे पहिल्यांदाच पहिला आला, हे खरं. पण कौल म्हणजे बऱ्याच लोकांची बेरीज. तुमच्या जांभईचा त्यात हिशेब नाही.

मी तर झोपले होते. दाराशी बसून झोपायची सोय असते. 201 मिनिटांचा सिनेमा, एका विधवा आईचे तीन दिवस. भांडी, गादी, मुलाचं जेवण, बटाटे सोलणं, आणि दुपारी घरी येणारं गिऱ्हाईक, कारण ती पोटासाठी शरीर विकते. मला जाग आली तेव्हा दुसरा दिवस चालू होता. बाई करपलेल्या बटाट्यांचं भांडं हातात घेऊन घरभर हिंडत होती. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परत. ते कुठे ठेवायचं तेच तिला सुचत नव्हतं. माझ्या पोटात खड्डा पडला. एका भांड्यावरून! पहिल्या दिवसाचा कंटाळा मी निम्मा तरी भोगला होता, म्हणून मला कळलं की ही बाई काहीही जागेवरून हलू देत नाही. पहिला दिवस गाळून कुणी नुसता तो तुकडा दाखवला असता, तर एक बाई बटाटे घेऊन फिरते आहे इतकंच दिसलं असतं.

आकेरमानने हा सिनेमा केला तेव्हा ती तुमच्याएवढीच होती, साधारण पंचविशीची. तुम्ही दोन बैठका केल्यात, म्हणजे मधल्या वेळात तुमचा कंटाळा ओसरला, ही मात्र चूक झाली. पुन्हा बघायलाच पाहिजे असं नाही. मित्रांना खरं सांगा. त्यांच्यातले निम्मे झोपले असणार.

प्रश्न : फारसे न पाहिले गेलेले अस्वस्थ करणारे दहा सिनेमे सुचवा.

उत्तर : दहा नाही. एक.

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, 1962. हर्क हार्वी हा कॅन्ससमध्ये कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट काढणारा माणूस. प्रवासात त्याला अमेरिकेतल्याच ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या काठी ओस पडलेला एक जुना करमणूक-मंडप दिसला, आणि त्या जागेसाठी त्याने सिनेमा रचला. खर्च सुमारे 33 हजार डॉलर. पूर्ण लांबीचा कथापट त्याने पुन्हा कधीच केला नाही. सिनेमा आला आणि गेला. पुढे रात्री उशिरा टीव्हीवर लागत राहिला, त्यातून लोकांना सापडला.

पुलावरून गाडी नदीत कोसळते, एकटी मेरी चिखलातून वर येते आणि दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते. एक पांढराफटक माणूस तिला दिसत राहतो (तो हार्वी स्वतः). मेकअप आज हसू आणेल, आवाज कुठे कुठे ओठांशी जुळत नाही. तरी दुकानाचं दृश्य बघा. ती कपडे बदलून बाहेर येते आणि जगाचा आवाज गेलेला असतो. विक्रेती तिच्याकडे बघत नाही, रस्त्यावर कुणालाच ती दिसत नाही. भूतबित काही नाही. नुसतं आपण कुणाच्या खिजगणतीत नाही, एवढंच. स्वस्तातला सिनेमा असल्यामुळे तो रिकामेपणा जास्त खरा वाटतो, असं माझं मत. पैसे असते तर हार्वीने तिथे काहीतरी भरलं असतं.

प्रश्न : समीक्षक आज शिव्या देतात, उद्या डोक्यावर घेतात. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : शिव्यांवर. त्या जास्त तपशिलात असतात. मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ 1960 साली आला तेव्हा ब्रिटिश समीक्षक असे तुटून पडले की त्याची तिथली कारकीर्द जवळजवळ संपली. खुनी हातात कॅमेरा धरून मारतो, तिपाईच्या पायात पातं, वर आरसा, म्हणजे मरणारीला स्वतःचीच भीती दिसावी. आणि आपण हे सगळं त्याच्या कॅमेऱ्यातून बघतो. त्या समीक्षकांना नेमकं काय झोंबलं ते त्यांच्या रागातून स्वच्छ कळतं. पुढे मार्टिन स्कोर्सेसी या अमेरिकी दिग्दर्शकाने पुढाकार घेतला आणि 1979 साली हा सिनेमा न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला. नंतरच्या कौतुकाच्या लेखांत ‘अभिजात’ हा शब्द खूप वेळा येतो आणि पोटातली कळ फार कमी.

प्रश्न : तुम्ही स्वतः कधी उठलात का? की फक्त दुसऱ्यांची वेळ टिपता?
— दाराच्या आतला

उत्तर : एकदा. वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’, 1985. दुसऱ्या महायुद्धातला बेलारूस आणि फ्लोर्या नावाचा कोवळा मुलगा. ज्यांनी पाहिलाय ते म्हणतील, गाव जाळतात तिथे उठली असणार. लोकांना लाकडी इमारतीत कोंडून आग लावतात ते दृश्य. नाही, तिथपर्यंत मी पोचलेच नाही. फ्लोर्या आणि एक जण रात्री गाय चोरून नेत असतात. मोकळ्या माळावर गोळ्यांच्या प्रकाशरेषा येतात. माणूस मरतो, मग गाय. कॅमेरा गायीच्या डोळ्याजवळ जातो. मी वही मिटली, टॉर्च स्टुलावर ठेवला आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. माणूस मेला तेव्हा मी जागची हलले नव्हते. आजी, हे तुमच्यासाठी.

उरलेला सिनेमा 11 वर्षांनी पाहिला, एकटीने, दिवसाढवळ्या. शेवटी पडद्यावर आकडा येतो : बेलारूसमधली 628 गावं माणसांसकट जाळली गेली. तो वाचला आणि मग मी सिनेमा मागे नेऊन माझी गाय पुन्हा पाहिली. पहिल्या वेळी जे चुकलं होतं ते दिसलं. मी बाहेर पडल्यानंतर फ्लोर्या त्या मेलेल्या गायीच्या आडोशाला अंग मुडपून झोपतो.