चिनी सहकारी ‘येस’ म्हणाला, पण फाइल कुठंय?

प्रश्न : आमच्या कंपनीची एक टीम शेन्झेनला आहे, रोज कॉल असतो. तिथला एक जण स्वतःच्या मॅनेजर बाईंना सारखं इंग्रजीतलं ‘ही’, म्हणजे ‘तो’, म्हणतो. परवा मी विचारलं, ‘यू डिडंट सेंड द फाइल?’ तर म्हणाला ‘येस’. मी निवांत बसलो आणि फाइल आलीच नाही. मुद्दाम करतात का हे लोक?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : मुद्दाम कशाला करेल हो बिचारा! त्याने तुम्हाला खरं तेच सांगितलं, की नाही पाठवली. चिनीत अशा नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणताय ते बरोबर’. आणि आपण तरी काय वेगळं करतो, ‘अजून जेवला नाहीस?’ म्हटलं की ‘हो ना, राहिलंच’ म्हणतोच की! इंग्रजीला तिथे ‘नो, आय डिडंट’ लागतं. पुढच्या वेळी सरळ ‘डिड यू सेंड इट?’ विचारा, विषय संपला.

‘ही-शी’चं म्हणाल तर मँडरिन, म्हणजे त्यांची प्रमाण चिनी, बोलताना तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘था’. लिहिताना वेगवेगळी अक्षरं आहेत, पण ‘ती’साठीचं अक्षरही १९२०च्या आसपास रूढ व्हायला लागलं, आणि उच्चार तोच राहिला, त्यामुळे चांगलं इंग्रजी येणारी माणसंसुद्धा बोलण्याच्या ओघात घसरतात. मॅनेजर बाईंचा अपमान वगैरे काही नाही त्यात.

अजून ऐकाल हळूहळू. ‘यस्टर्डे आय गो बँक’, कारण त्यांचं क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, ‘काल’ म्हटलं की बरंचसं काम भागतं, आणि ‘द’ नावाचा प्रकार तर आपल्यासारखाच त्यांच्याकडेही नाही. ‘ओपन द लाइट’, कारण दार उघडायला आणि दिवा लावायला एकच ‘खाइ’. ‘ऑलदो’ म्हणून पुढे परत ‘बट’ लावतात, त्यावर मात्र हसू नका, त्यांच्याकडेही आपल्या जरी-तरीसारखी जोडी आहे आणि आपल्या पोरांच्या वह्यांत हीच चूक ढीगभर सापडते.

प्रश्न : मी चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ‘आय व्हेरी लाइक’ काही केल्या सुटत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांचा ‘हन’ म्हणजे ‘खूप’, तो थेट क्रियापदाच्या आधी बसतो, आपल्या ‘खूप आवडतं’सारखा. नियम सांगत बसू नका. ‘आय रिअली लाइक’ पाठ करून घ्या, जागा तीच राहते आणि वाक्यही बरोबर येतं, ‘व्हेरी मच’ शेवटी लावायचं नंतर बघू.