साडेसहाचा कार्यक्रम, सव्वानऊचा गायक

चिपळूणच्या एका भगिनींनी पाच पानी पत्र पाठवलं आहे. मालवण, दापोली, अलिबागहून अशाच मजकुराची पत्रं मला अधूनमधून येत असतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

हकिकत थोडक्यात अशी. 20 जानेवारी 2024, शनिवार. रत्नागिरीजवळच्या एका मोकळ्या मैदानात नावाजलेल्या गायकाचा ‘तीन तासांचा लाइव्ह कार्यक्रम’. तिकिटावर वेळ संध्याकाळी साडेसहाची. 1,800 रुपयांची नऊ तिकिटं पुण्याच्या मेहुण्यांनी ऑनलाइन काढली, एकूण 16,200 रुपये. सगळं घर गाडी करून रत्नागिरीला गेलं. गायक रंगमंचावर आला सव्वानऊला. दहा वाजता पोलिसांनी ध्वनिक्षेपक बंद करायला लावले आणि लोक घरी परतले. आयोजकांचं म्हणणं असं की, तिकिटावरच्या अटीप्रमाणे ‘शासकीय आदेश, नैसर्गिक आपत्ती किंवा आयोजकांच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने कार्यक्रम थांबल्यास पैसे परत मिळणार नाहीत’. बाई विचारतात, आता काही करता येईल का?

ताई, करता येईल. पण तुमच्या पत्रातल्या बारा तक्रारींपैकी अकरा आधी बाजूला ठेवा. गायकाचा आवाज बसला होता, खुर्च्या मोडक्या होत्या, पाण्याची बाटली महाग होती, मागच्या रांगेतून काही दिसत नव्हतं, हे सगळं खरं असेल. मात्र गाणं चांगलं झालं नाही म्हणून कुठलाच ग्राहक आयोग पैसे परत देत नाही. ‘गायक ट्रॅकवर नुसते ओठ हलवत होता’ ही तक्रार त्यामानाने वजनदार आहे, कारण जाहिरातीत ‘लाइव्ह’ हा शब्द होता. पण ती सिद्ध कशी करणार? ध्वनिमुद्रणातल्या माणसाचं मत लागेल आणि तेवढ्याने प्रकरण वर्षभर रेंगाळेल. एका वाक्यात उल्लेख करा, त्यावर भिस्त ठेवू नका.

तुमचं प्रकरण साडेसहा आणि सव्वानऊ यांच्यामधल्या पावणेतीन तासांवर उभं आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 मध्ये या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. सणासुदीसाठी किंवा सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. म्हणजे दहाची मर्यादा त्या रात्री कोणा फौजदाराच्या मनात अचानक आलेली नव्हती. आयोजकाच्या हातात परवानगीचा कागद पडला तेव्हाच ती त्याला ठाऊक होती. तुमच्या कार्यक्रमाच्या जेमतेम नऊ महिने आधी, 30 एप्रिल 2023 ला, पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम पोलिसांनी याच कारणाने थांबवला होता. साऱ्या महाराष्ट्राने तो व्हिडिओ पाहिला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या कोणत्याही आयोजकाला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायला तोंड उरत नाही.

‘नियंत्रणाबाहेरचं कारण’ म्हणजे जे आधी दिसत नाही आणि दिसलं तरी टाळता येत नाही. ऐन कार्यक्रमात अवकाळी पाऊस कोसळला असता तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता. इथे तीन तासांचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला असता तर साडेनऊला संपला असता, पोलिसांना यायचं कारणच पडलं नसतं. स्वतः ओढवून घेतलेली अडचण पुढे करून कराराच्या जबाबदारीतून सुटता येत नाही, हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. पोलिसांचा आदेश हा उशिराचा परिणाम होता. उशीर आयोजकाचा होता. तक्रारीतला पहिला परिच्छेद हाच असू द्या.

या उशिराबद्दल मला मनापासून राग आहे. कोकणातला प्रेक्षक दशावताराला रात्र जागवतो, नमनाला बसला की पहाट करतो, तेव्हा इथे कधीही सुरू केलं तरी लोक बसून राहतात, असा बाहेरून येणाऱ्या आयोजकांचा समज झालेला दिसतो. दशावतारात राजा उशिरा आला तरी पुढची रात्र प्रेक्षकाची असते. इथे रात्र दहाला संपणार हे ठरलेलं होतं, आणि पावणेतीन तास पोराबाळांना दवात बसवून ठेवताना ते आयोजकाला माहीत होतं.

आता एक सापळा सांगतो, कारण यात चांगले वकीलही अडकतात. तुम्ही लिहिलं आहे की ही अट ‘अनुचित करार’ आहे असं जाहीर करून घ्यायचं आहे. तो शब्द तक्रारीत आणू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगापुढे करावी लागते, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. रत्नागिरीत तो मुद्दा घातलात की सामनेवाल्याचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेईल आणि सहा महिने त्यातच जातील. अट चांगली की वाईट यात शिरूच नका. ‘ही अट या घटनेला लागूच पडत नाही, आणि वेळेवर सुरू न करणं ही सेवेतली त्रुटी आहे’, एवढंच मांडा. त्रुटीचा निवाडा जिल्हा आयोग करू शकतो.

आणि आता तुमच्या चुकीबद्दल. बावीस महिने, ताई! फेब्रुवारीत ‘थोडं थांबा’, शिमग्याला ‘पुढच्या शोचे पास देऊ’, गणपतीत ‘हिशेब चालू आहे’, असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचत तुम्ही दोन शिमगे आणि दोन गणपती घालवलेत. एक ईमेल नाही, एक नोटीस नाही. ग्राहक कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल झाली पाहिजे. असा पत्रव्यवहार चालू राहिला म्हणून मुदत लांबत नाही. सामनेवाल्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी आयोगाने स्वतःहून तो तपासायचा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्याकडे ‘पैसे देऊ’ असा लेखी निरोप आहे. त्याला कबुली मानून नवी मुदत मागता येईल का, यावर वाद घालता येईल. पण ज्या वादाची गरजच नाही त्यात पडायचं कशाला? विलंब माफीचा अर्जही करता येतो, मात्र ‘त्यांच्या आश्वासनावर विसंबून राहिलो’ हे कारण आयोगाला पुरेसं वाटेलच असं नाही. आज डिसेंबर अर्धा झाला आहे. 19 जानेवारी 2026, सोमवार, ही तुमची शेवटची तारीख समजा, आणि तक्रार वर्ष संपायच्या आत दाखल करा. तक्रार भरायचं संकेतस्थळ शेवटच्या दिवशी चालेल याची हमी कोणी देत नाही.

ग्राहक कायद्यात तक्रारीआधी नोटीस बंधनकारक नाही. द्यायची तर सात दिवसांची द्या, महिनाभराची नको. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला असल्यास हरकत नाही, पण त्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

तक्रार कुठे करायची ते सोपं आहे. अटींमध्ये ‘फक्त मुंबईची न्यायालयं’ असं छापलेलं आहे, त्याला घाबरू नका. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याचा हक्क दिला आहे, आणि इथे तर घटनाही रत्नागिरी जिल्ह्यातच घडली. तुम्ही कोल्हापूरच्या खंडपीठाचं विचारलंत. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याखाली आले हे खरं, पण सोळा हजारांच्या तिकिटांसाठी तिथे जायचं नसतं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार भरता येते. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. पैसे मेहुण्यांनी भरले असले तरी त्यांच्या संमतीने सेवा घेणाऱ्या तुम्हीही ग्राहकच ठरता. दोघांची नावं तक्रारदार म्हणून घाला. ज्यांनी फुकटच्या पासवर कार्यक्रम पाहिला त्यांना मात्र यात ओढू नका.

सामनेवाला कोण, हे नीट पाहा. पोस्टरवर असतं एक झगमगीत नाव आणि पैसे जातात दुसऱ्याच कंपनीकडे. तिकिटावर किंवा पावतीवर जीएसटी क्रमांक असेल, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीतलं खरं नाव कळतं. तिकीट विकणाऱ्या ॲपलाही सामील करा. आपण केवळ मध्यस्थ होतो असं ते म्हणतील, आणि कदाचित सुटतीलही. पण पैसे नेमके कोणाच्या खात्यात गेले हे त्यांच्या कैफियतीतून, म्हणजे लेखी उत्तरातून, बाहेर येतं.

सगळ्यात जास्त काळजी पुराव्याची घ्या. गायक सव्वानऊला आला हे सिद्ध करायचं आहे, आणि त्या रात्रीचे व्हिडिओ ज्या फोनमध्ये होते तो फोन तुम्ही भाचीला देऊन टाकलात असं लिहिलंय. तो आज परत आणा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरलेले व्हिडिओ मला पाठवलेत, त्यांचा उपयोग थोडा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या फाइलमध्ये मूळ चित्रणाची वेळ राहत नाही. मूळ फाइल त्या फोनमध्ये असेल, किंवा गूगल फोटोजमध्ये आपोआप साठली असेल. गायकाचं पहिलं गाणं सुरू होतानाची आणि ध्वनिक्षेपक बंद होतानाची, अशा दोन फाइल मिळाल्या तरी पुरे. त्यांना हात लावू नका, कापू नका, नाव बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या कायद्याखालचं असंच प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात सांगितलं होतं. ग्राहक आयोग पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावतोच असं नाही. तरी प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावरून तारीख वाढायला नको. शेजारी बसलेल्या दोन अनोळखी प्रेक्षकांची शपथपत्रं मिळाली तर फारच उत्तम, घरच्या नऊ जणांपेक्षा त्यांचं वजन जास्त.

परवानगीच्या कागदासाठी संबंधित पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. कार्यक्रम किती वाजेपर्यंत मंजूर होता आणि ठाण्याच्या दैनंदिनीत तो किती वाजता बंद केल्याची नोंद आहे, हे दोनच प्रश्न विचारा. त्या वर्षीच्या सवलतीच्या 15 दिवसांत 20 जानेवारी होती का, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून कळेल. असलीच, तर माझं वरचं म्हणणं थोडं सैल पडेल, मग परवानगीतली वेळ काय होती त्यावर सगळं अवलंबून राहील. उत्तराची वाट पाहत तक्रार मात्र अडवून ठेवू नका. आधी दाखल करा, कागद मागाहून जोडता येतात.

मागणी काय करायची? तिकिटांचे 16,200, गाडीभाडं पावतीसह, त्रासाबद्दल माफक रक्कम आणि खर्च. गटातल्या कोणीतरी सुचवलेले पाच लाख मागू नका. पूर्ण पैसे मिळतील की पाऊण तासाचं गाणं वजा होऊन, हे मी आज सांगू शकत नाही. फौजदारी फसवणुकीचा विचार सोडा. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि गायक आला, गायला, तिथे तो दाखवणं कठीण आहे.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल. त्याला कैफियतीसाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवून दिलं आहे. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात आयोगांवरच्या जागा रिकाम्या राहतात, आणि सोळा हजारांसाठी माणूस चिपळूणहून चौथ्यांदा रत्नागिरीला जातो तेव्हा त्याचा धीर सुटतो. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याची चीड येणं अजून थांबलेलं नाही. म्हणून पहिल्या दिवशीच दृक्‌श्राव्य सुनावणीसाठी अर्ज द्या, कायद्यात ती सोय आहे. आणि पंचेचाळीस दिवस उलटूनही कैफियत आली नाही, तर पुढच्या तारखेला गप्प बसू नका, कैफियतीविना प्रकरण चालवण्याचा आदेश मागा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना अपील करायचं असलं, तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लहान रकमांच्या प्रकरणांत पुष्कळदा तिथेच तडजोड होते.

चेन्नईत सप्टेंबर 2023 मध्ये रहमान यांच्याच कार्यक्रमाला तिकीट असून लोकांना आत जाता आलं नाही, तेव्हा रहमान यांनी तिकिटाची प्रत आणि तक्रार ईमेलने मागवली होती. प्रत ज्याच्याजवळ होती त्याला लगेच काही करता आलं. तुमच्या नऊ तिकिटांपैकी चारच सापडतात असं तुम्ही लिहिलंय. मेहुण्यांच्या ईमेलमध्ये बुकिंगचा निरोप असेल, आणि बँकेच्या उताऱ्यात जानेवारी 2024 किंवा त्याआधीची नोंद असेल. दोन्ही आज रात्रीच मागवून घ्या.

शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. ‘पुढच्या शोचे पास’ तुमच्या घरातल्या कोणी घेतले होते का, आणि घेताना ‘आता काही तक्रार नाही’ अशा अर्थाच्या मजकुरावर सही किंवा होकार दिला होता का? दिला असेल तर तो कागद वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा, तक्रार लिहिली जाण्याआधी.