एक वाचनालय, एक पुस्तकवाला, एक बाग

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, दोन वर्षं झाली मुंबईत येऊन, पण रविवार उजाडला की कुठे जायचं तेच सुचत नाही." मॉलमध्ये गेलात तर हजार रुपये कधी उडाले कळत नाही, घरी बसलात तर पोरगा मोबाइल मागतो. लातूरला दारात उभं राहिलं की चार जणी बोलायला यायच्या, तसं इथे कुणी येत नाही. तुझा आवाज ऐकून पोटात कालवलं आणि तेव्हा नीट बोलताच आलं नाही. म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

सांगायचं आहे ते एकच. मुंबईत बघण्यासारखी ठिकाणं शोधत फिरू नकोस. एक वाचनालय धर, एक जुनी पुस्तकं विकणारा धर आणि एक बाग धर. वर्षभर तिथेच जात राहा. तिथली माणसं तुला आणि तुझ्या लेकाला ओळखायला लागेपर्यंत जा. वडाळ्यात राहतेस, म्हणजे ही तिन्ही तुला पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. हे भाग्य किती थोड्यांना मिळतं, ते मी ठाण्याला राहायला आल्यावर मला कळलं.

मी रत्नागिरीहून परळला मामांकडे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. चाळीतली दहा बाय बाराची खोली, माणसं सात. मामी प्रेमळ होती, पण पाठ टेकायला भिंत मोकळी मिळायची नाही. कचेरी सुटली की घरी लवकर जाऊ नये असं वाटायचं आणि बाहेर बसायचं म्हटलं तर चहाचे पैसे पडायचे. कुणीतरी एका वाचनालयाचा पत्ता दिला. पंखा, बाक, वर्तमानपत्रं, आणि "काय पाहिजे?" असं कुणी विचारत नाही! पहिल्या दिवशी मी काहीच वाचलं नाही. नुसती तास-दीड तास बसून राहिले.

पुढे वर्गणी भरून पुस्तकं घरी न्यायला लागले. त्या पावसाळ्यात परळला पाणी भरलं आणि पिशवीतलं वाचनालयाचं पुस्तक भिजून फुगलं. पानं वेगळी करायला गेले तर फाटायला लागली. आता काय तोंड दाखवायचं, या धास्तीने मी सहा महिने त्या रस्त्याने गेलेच नाही. शेवटी पिशवीत ते पुस्तक घेऊन गेले. देवघेवीच्या टेबलापलीकडच्या बाईंनी नोंदवही उघडली, माझ्या नावावर बोट ठेवलं, अनामतीतून पुस्तकाची किंमत वळती केली आणि म्हणाल्या, "बरं, आज काय नेणार?" त्या चार शब्दांनी मी मुंबईची झाले. इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे डोळे भरून येताहेत. म्हणून सांगते, वाचनालयात तुझ्याकडून चूक झाली, उशीर झाला, पोराने पानावर रेघोट्या मारल्या, तर तोंड चुकवू नकोस. जाऊन सांग आणि दंड भर. वाचनालय माणसं तोडायला बसलेलं नसतं.

दादर पूर्वेला नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. स्थापना 1898 ची. त्याच्याही आधी, 1893 साली, माझ्या या ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं होतं. ही सालं मी मुद्दाम लिहिते आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. लोक घरंदारं टाकून गावाकडे पळत होते, गिरण्यांना माणसं मिळेनाशी झाली होती. त्या दिवसांत काही माणसं एकत्र येऊन मराठी पुस्तकं गोळा करत होती, कपाटं मांडत होती. मी जेव्हा जेव्हा एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या दारात चपला काढते, तेव्हा मला त्यांची आठवण होते.

दारावर "शासनमान्य" आणि पुढे अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर लिहिलेलं दिसेल. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी हे वर्ग पाडले आणि त्यानुसार सरकारी अनुदान मिळतं. पण अक्षरावर जाऊ नकोस. "ड" वर्गाच्या एका खोलीत मला कधी कधी जे सापडलं ते मोठ्या इमारतीत मिळालं नाही. बहुतेक ठिकाणी वर्तमानपत्रांचं दालन सगळ्यांना खुलं असतं. वर्गणी आणि अनामत लागते ती पुस्तक घरी न्यायला. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती अवश्य भर. विकत घ्यायला गेलीस तर चार-पाच अंकांतच खिसा रिकामा होईल, इथे चार-सहा महिने अंक आलटून पालटून मिळत राहतात. 1909 पासून चालत आलेली ही परंपरा वाचनालयांनीच घरोघरी पोहोचवली, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट करून बघ. जुनं पुस्तक घेतलंस की शेवटचं पान उघड. तिथे एक चिठ्ठी डकवलेली असते, तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के. काही वांकडे, काही पुसट, मध्येच एखादी तारीख शाईने लिहिलेली. एका कादंबरीच्या चिठ्ठीवर दोन शिक्क्यांमध्ये मला अकरा वर्षांचं अंतर सापडलं होतं. अकरा वर्षं ते पुस्तक कपाटात उभं होतं, आणि मग कुणीतरी त्याला हात लावला. त्यानंतरचा शिक्का माझा. त्या दिवसापासून मी शोकेसमधली नवी पुस्तकं आधी बघत नाही. खालच्या फळीशी उकिडवी बसते आणि कुणी बरेच दिवस न नेलेलं एक तरी घेऊन येते.

लेकाला सोबत नेच. तो चार वर्षांचा आहे, गप्प बसणार नाही, हे धरूनच जा. पहिल्या खेपेला दहा मिनिटं पुरेत. पुस्तक त्याचं त्याला निवडू दे, ते त्याच्या वयाचं नसलं तरी चालेल, आणि टेबलावर शिक्का मारायला त्याच्याच हाताने देऊ दे. त्या शिक्क्याचा आवाज पोरांना फार आवडतो. माझी लेक अशीच वाचायला लागली.

आता पुस्तकवाला. फ्लोरा फाउंटनचे पदपथावरचे विक्रेते सगळ्यांना ठाऊक असतात, पण तुझ्यासाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल जवळ आहे, म्हणजे माहेश्वरी उद्यानाच्या आसपासचा पदपथ. आजूबाजूला इतकी महाविद्यालयं आहेत की अभियांत्रिकीची आणि परीक्षांची पुस्तकंच जास्त दिसतील. त्यांच्यामागे, तळाशी, बाकीचा खजिना असतो. पाठीचे कणे वर करून लावलेल्या थप्प्या असतात. मधलं पुस्तक खसकन ओढू नकोस, वरची चार आधी उचलून बाजूला ठेव आणि बघून झाल्यावर होती तशीच परत लाव. विक्रेता तुझ्याकडे बघत नसला तरी त्याचं लक्ष असतं, आणि थप्पी नीट लावणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पुढच्या वेळी आतून पुस्तक काढून देतो. घासाघीस कर, पण दहा-वीस रुपयांसाठी त्याचा जीव खाऊ नकोस. जूनमध्ये पाऊस आला की तो निळी ताडपत्री ओढून, दोऱ्या बांधून, चार महिने त्या पुस्तकांना जपत उभा असतो.

घेण्याआधी दोन गोष्टी बघ. आत एखाद्या वाचनालयाचा शिक्का असेल तर त्यावर "रद्द" असं मारलेलं आहे का ते तपास. नसेल तर ते पुस्तक कुणाचं तरी हरवलेलं किंवा उचललेलं आहे. मी अशी दोन पुस्तकं पदरचे पैसे देऊन घेतली आणि त्या-त्या वाचनालयात नेऊन दिली. दुसरं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चकचकीत, खपाच्या पुस्तकांचे एकसारखे गठ्ठे दिसतील. कागद पातळ, छपाई पुसट, कडेची अक्षरं कापलेली. त्या चोरून छापलेल्या प्रती असतात. स्वस्त मिळतात म्हणून मोह होईल, तरी घेऊ नकोस. ज्याने ते लिहिलं त्याच्या घरी त्यातला एक पैसाही जात नाही. ओळख झाली की जुनं पुस्तक वाचून परत आणलंस तर बरेच विक्रेते निम्म्या किमतीत घेतात. विचारून ठेव, म्हणजे लहान घरात गठ्ठे साठणार नाहीत.

माझ्याकडे अशा एका पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं आहे, "चि. बेबीस, मॅट्रिक पास झाल्याबद्दल, दादांकडून." खाली साल 1951. बेबी कोण, मला माहीत नाही. दर दिवाळीला कपाट आवरताना मी ते पान उघडते आणि पुस्तक पुसून परत ठेवते.

बागेबद्दल फार सांगायला नको, कारण पाच उद्यानं, म्हणजे फाइव्ह गार्डन्स, तुझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहेत. फक्त ती कुठून आली ते माहीत असू दे. प्लेगनंतर, त्याच 1898 साली, शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्तीत रोगाने माणसं मेली होती, म्हणून दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, बेताच्या उंचीची घरं आणि मोकळ्या जागा आखल्या गेल्या. पारशी कॉलनी उभी करणारे मंचरजी जोशी हे त्याच ट्रस्टमधले अभियंते, आज त्या बागांना त्यांचंच नाव आहे. म्हणजे बघ, ज्या संकटात ते ग्रंथसंग्रहालय जन्मलं त्याच संकटातून तुझ्या लेकाची घसरगुंडी आली. संध्याकाळी पाचच्या सुमारास जा आणि रोज शक्यतो एकाच बाकावर बस. आठवडाभरात शेजारच्या बाकावरची आजी "किती वर्षांचा गं?" असं विचारेल. तिला उत्तर देऊन गप्प बसू नकोस, तूही काहीतरी विचार. तू फोनवर ज्या दारातल्या चौघीजणींची आठवण काढलीस, त्या मुंबईत अशा भेटतात.

पावसाची सर आली तर माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. 2016 साली झालं. नर्मदेच्या वळणांसारखा आखलेला चालायचा रस्ता, डोक्यावर पुलाचं छप्पर. पोराला पळवायला उत्तम.

राणीच्या बागेला वर्षातून दोनदा जाच, बुधवार सोडून, त्या दिवशी बंद असते. पेंग्विनच्या रांगेत सगळा दिवस घालवू नका. लेकाला गोरखचिंचेचं खोड दाखव, तीन-चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती दाखव. हा घारापुरीचा हत्ती. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना यारी, म्हणजे क्रेन, मोडली आणि हत्ती फुटला. तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला आहे. सांधे अजून दिसतात. चार वर्षांच्या पोराला ती गोष्ट सांगून बघ, तो सांधे मोजत बसेल.

काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या तीस पायऱ्या, जिथे दुर्गाबाई भागवतांनी वर्षानुवर्षं वाचत काढली ते दालन, हे सगळं आहेच. ते पळून जात नाही. आधी तुझा नायगाव-माटुंगा-पाच उद्यानांचा फेरा अंगवळणी पडू दे.

जावयांना सांग, पहिल्या महिन्यात फोटो काढू नका. आणि एखाद्या रविवारी कंटाळा येऊन गेला नाहीत तर वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या रविवारी जा.

येत्या रविवारी मी येते. कुर्ल्याला गाडी बदलून साडेनऊपर्यंत वडाळ्याला उतरेन. आधी वाचनालयात जाऊ, सभासद अर्जाला तुझा एक फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागेल, तो पिशवीत ठेव. अर्जावर ओळख म्हणून कुणाची सही मागितली तर मी आहे. पोराची टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नकोस.

तुझी,
मावशी