एक्सप्रेसला (नोड.जेएसवरचं वेब फ्रेमवर्क) क्लाउड स्टोरेज जोडताय?
आधी एकच छोटी फाइल एस३वर (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) नीट पोचू द्या, बाकीचं नंतर.

मल्टर (एक्सप्रेसमध्ये आलेली फाइल हाताळणारं पॅकेज) फक्त फाइल येणाऱ्या राउटवर, म्हणजे अ‍ॅपमधल्या त्या पत्त्यावर, लावा. सगळ्या अ‍ॅपवर लावलंत, तर कुणीही कुठेही फाइल ढकलेल. आणि आकाराला मर्यादा घालाच! मल्टरच्या मेमरी स्टोरेजमध्ये अख्खी फाइल रॅममध्ये येते. मोठ्या चार-पाच एकदम आल्या की सर्व्हर आडवा होतो. नवखे हमखास इथेच अडकतात.

- एस३च्या गुप्त किल्ल्या (अ‍ॅक्सेस की) कोडमध्ये नकोत. गिटमध्ये गेलेली किल्ली पुसून भागत नाही, ती रद्द करून नवी घ्या.
- फाइलला यूयूआयडीचं (आपोआप बनणारा, एकमेव ओळख क्रमांक) नाव द्या, नाहीतर सारख्या नावाची नवी फाइल जुनीवर बसते.

'अनएक्स्पेक्टेड फील्ड' अशी एरर दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा फाइलच्या फील्डचं फॉर्ममधलं आणि मल्टरमधलं नाव जुळत नसतं. प्रीसाइन्ड यूआरएलकडे (ब्राउझरमधून थेट एस३वर फाइल चढवू देणारी तात्पुरती लिंक) सध्या वळू नका.